रजा टाकल्यावर कुणाचं तरी अडलं पाहिजे

साताऱ्याला पोवई नाक्यावर नव्वदच्या दशकात एक एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, आत काचेची एवढीशी खोली, तिच्यात भिंतीला लावलेला छोटा पंखा, आणि बाहेर टेबलामागे पोलिओने दोन्ही पाय लुळे पडलेले एक काका. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. साताऱ्याकडे फौजी घरं भरपूर. सुट्टी मंजूर झाल्याचा फोन, बदलीचा फोन, बाळंतपणाचा फोन, सगळं त्या टेबलावरून जायचं. काकांना एकदा टायफॉइड झाला, बूथ बंद राहिला आणि अख्ख्या नाक्याचा खोळंबा झाला. लोक घरी जाऊन चौकशी करू लागले. त्या चौकशीत काळजी होती आणि गरजही होती. "काका, कधी उघडताय?"

चांगली नोकरी कोणती हे ठरवायला मला तो प्रश्न पुरतो. पगार तर हवाच. पण आपण दोन दिवस गेलो नाही तर कुणाचं तरी अडावं, कुणीतरी फोन करून "कधी येताय?" म्हणावं, हेही हवं. दिव्यांग माणसाला आपण मदत पुष्कळ देऊ करतो. त्याच्यावाचून आपलं अडेल अशी जागा मात्र क्वचितच देतो.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. शनिवारी एका संस्थेत जाऊन नोकरी शोधणाऱ्या दिव्यांग मुलामुलींकडून मुलाखतीची तयारी करून घेते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माझी ऊठबस आहे. आठवडाभर मी माणसं निवडणाऱ्यांत बसते आणि शनिवारी निवडलं जाण्याची वाट पाहणाऱ्यांत. या दोन खोल्यांतलं अंतर मला फार अस्वस्थ करतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

दिव्यांगांचं काम म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली यादी पुढे येते. खडू, मेणबत्त्या, फाइली, कागदी पिशव्या, दिवाळीला पणत्या आणि आकाशकंदील. अंधांसाठी वेताच्या खुर्च्या विणणं, नाहीतर टेलिफोन ऑपरेटरची जागा. यातली बरीच कामं एके काळी खरोखर गरजेची होती. सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्या असत, त्या वरचेवर विणाव्या लागत आणि हाताच्या अंदाजाने ते काम चोख करणारे अंध कारागीर तिथे नोकरीला असत. फोनच्या बोर्डावर नुसत्या आवाजावरून माणूस ओळखणारे ऑपरेटर बँकांत होते, रेल्वेत होते. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. थेट नंबर लागणारे फोन आले. वर्गात काळ्या फळ्याच्या जागी पांढरा बोर्ड आला. दूरसंचार खात्याने बूथ देताना अपंगांना प्राधान्य दिलं होतं, त्यातून कितीतरी संसार उभे राहिले होते, ते बूथ मोबाइलने गिळले. कामं गेली, यादी तेवढी राहिली. आजही एखादी संस्था प्रशिक्षण सुरू करते तेव्हा पहिला विचार मेणबत्त्यांचाच होतो. बाजारात मेणबत्ती कोण घेतं, यंत्रावर ती किती स्वस्त पडते, हे कुणी पाहत नाही. दिवाळीच्या प्रदर्शनात आपण चार पणत्या घेतो, आपल्याला बरं वाटतं. त्या रंगवणाऱ्याला महिन्याकाठी काय मिळालं, हे विचारायचं राहून जातं.

हातांनी वस्तू बनवण्यात काही कमीपणा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पुण्यात मीरा बडवे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या निवांत अंध मुक्त विकासालयाचा 'चॉकोनिवांत' हा चॉकलेटचा उद्योग आहे. तिथे अंध मुलं चॉकलेट बनवतात. ते चॉकलेट लोक चव आवडली म्हणून पुन्हा मागवतात, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे पुन्हा मागवणं. एकदा कणव म्हणून घेतलेली वस्तू आणि दुसऱ्यांदा हवी म्हणून मागितलेली वस्तू, यांच्या किमतीत फरक नसेल, पण बनवणाऱ्याच्या मानेच्या ताठपणात तो दिसतो.

आता कारखान्यातली गोष्ट. आमच्या स्टोअरमध्ये एक जागा निघाली होती. अर्ज आलेल्यांत एक मुलगा होता. एका पायाला कॅलिपर, हातात कुबडी, बी. कॉम. झालेला, टायपिंग उत्तम. स्टोअरचे साहेब भले गृहस्थ, पण अर्ज पाहून म्हणाले, "मॅडम, इथे दिवसभर उचलठेव आहे. त्याला कसं झेपणार? उगाच त्याचे हाल." मी एक अख्खी दुपार स्टोअरमध्ये खुर्ची टाकून बसले आणि त्या जागेवरचा माणूस नेमकं काय करतो ते लिहून काढलं. आलेला माल चलनाशी ताडून पाहायचा. संगणकावर नोंद करायची. खोक्याला बारकोडची चिठ्ठी लावायची. मग खोकं रॅकवर जायचं. यातलं शेवटचं काम तो माणूस करतच नव्हता, ते लोडर हातगाडीवरून करत होते. म्हणजे 'दिवसभर उचलठेव' ही त्या जागेची ख्याती होती, त्या जागेचं काम नव्हतं.

मुलाला घेतलं. बदल काय करावे लागले? त्याचं टेबल आतल्या कोपऱ्यातून शटरजवळ आणलं. शटरच्या उंबऱ्यावर मेंटेनन्सवाल्यांनी भंगारातला चेकर्ड पत्रा कापून उतार करून दिला. त्या उतारावरून आता हातगाड्याही सरळ आत येतात, पूर्वी त्या उंबऱ्याशी दोघांनी मिळून उचलाव्या लागत. कायद्यात या असल्या फेरफाराला मोठं नाव आहे. आमच्याकडे तो एका जेवणाच्या सुट्टीत झाला. पुढे महिनाअखेरीच्या स्टॉक मोजणीच्या वेळी त्या मुलाने बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली. तेव्हा तेच साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "त्याची रजा दोन दिवस पुढे नाही का ढकलता येणार? तो नसला की माझी मोजणी जुळत नाही." लग्न काही पुढे ढकलता येत नाही, रजा मंजूर झाली. पण मला त्या दिवशी झालेला आनंद अजून ताजा आहे.

बहुतेक कंपन्यांत प्रश्न असा विचारला जातो, "आपल्याकडे दिव्यांगांसाठी एखादं काम आहे का?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी नकारार्थी येतं, कारण माणसाच्या व्यंगाच्या मापाचं काम कुठेच तयार नसतं. त्याऐवजी एकेका जागेपुढे बसावं, तिच्यातली कामं सुटी करावीत, आणि प्रत्येक कामापुढे लिहावं की याला डोळेच लागतात का, कानच लागतात का, दोन्ही पाय लागतात का. पुष्कळदा कळतं की ती अट कामाची नव्हती, सवयीची होती.

कर्णबधिर उमेदवारांच्या बाबतीत अडतं ते अर्जाशीच. एका मुलीने अर्जात लिहिलं होतं, "मी काम आवड. मशीन बघणे चांगले. रोज येणे नक्की." निवड समितीतल्या एकाने तो अर्ज बाजूला ठेवला. दहावी झालेल्या मुलीला एक वाक्य धड लिहिता येत नाही, असं त्याचं म्हणणं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला मराठी आपसूक येत नाही, ती त्याला डोळ्यांनी शिकावी लागते. त्याची पहिली भाषा हातांची असते आणि तिचं व्याकरण वेगळं असतं. आपल्यातल्या किती जणांना केवळ छापील अक्षरं पाहून, एकदाही न ऐकता, एखादी परकी भाषा बिनचूक लिहिता येईल? मी दुभाषी बोलावून मुलाखत पुन्हा घ्यायला लावली. मुलीने हातांनी जे सांगितलं ते ऐकून तो अर्ज बाजूला ठेवणारा गृहस्थच तिला म्हणाला, "कधीपासून येणार?"

तिच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम पॅकिंग लाइनवर गेले. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सुपरवायझर सगळ्यांना गोलात उभं करून सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगतात. ती गोलात उभी होती, सगळे हसले की हसत होती, सगळे माना डोलावू लागले की मान डोलावत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. संस्थेतून आलेली दुभाषी ताई दोन दिवसांनी जाणार होती. सुपरवायझरदादांनी आपल्या बुद्धीने तोड काढली. ते मुद्दे पांढऱ्या बोर्डावर चित्रांनी काढू लागले. हातमोजे, गॉगल, फोर्कलिफ्टची वाट, कुठे उभं राहायचं नाही. चित्रं ओबडधोबड होती. पण लाइनवर ओडिशा आणि झारखंडहून आलेली मुलं होती, त्यांनाही इतके दिवस मराठीतलं ते बोलणं अर्धंमुर्धंच कळत होतं, हे त्या चित्रांमुळे उघड झालं. भोंग्याच्या जोडीला लाल फिरता दिवा बसवला. महिनाभरात लाइनवर प्रत्येकाला हातांचं एकेक नाव मिळालं, ती पद्धतच असते त्या भाषेत. सुपरवायझरदादांचं नाव वरच्या ओठावरून दोन्ही बाजूंना बोटं फिरवून काढलेल्या मिशा. आता बोलणारी मुलंही एकमेकांत त्यांचा उल्लेख तसाच करतात, कारण यंत्रांच्या खडखडाटात ते ओरडण्यापेक्षा सोपं पडतं.

इथे मला आमच्याच व्यवसायातल्या एका बोलण्याविषयी लिहिलं पाहिजे. दिव्यांगांना नोकऱ्या द्या असं कंपन्यांना पटवताना एक मुद्दा हमखास सांगतात की ही माणसं गप्पांत वेळ घालवत नाहीत आणि नोकरी सोडून जात नाहीत. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरी मला तो मुद्दा बोचतो. तो माणूस गप्पा मारत नाही, कारण त्याच्याशी कुणी बोलायला शिकलेलं नाही. तो नोकरी सोडत नाही, कारण बाहेर दुसरं दार उघडं नाही. त्याच्या अडचणीला आपण त्याचा गुण म्हणून विकतो आहोत. आमच्या पॅकिंग लाइनवरच्या त्या मुलीने पुढे राजीनामा दिला, चाकणच्या दुसऱ्या कंपनीत तिला जास्त पगार मिळाला म्हणून. सुपरवायझर खट्टू झाले. मी मात्र तिचा राजीनामा जपून ठेवला आहे. त्यातलं मराठी अजूनही तसंच तुटक आहे.

कायद्याचं बोलायचं तर कागद भक्कम आहे. १९९५च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७मध्ये लागू झाला, त्यात ती एकवीस झाली आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेलं. अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि त्यासोबतचे प्रकार यांना प्रत्येकी एक टक्का, आणि स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का. महाराष्ट्राने तर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग काढला. खासगी कंपन्यांवर आरक्षणाची सक्ती नाही, पण वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण लेखी करून जाहीर करायला हवं आणि दिव्यांगांच्या भरतीसाठी संपर्क अधिकारी नेमायला हवा, असा नियम आहे. मी ज्यांना ज्यांना विचारते त्या मनुष्यबळवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो नियम ऐकलेलाही नसतो.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर. देशभरातल्या दिव्यांगांत कसलं ना कसलं काम करणारे जेमतेम ३६ टक्के, आणि बायकांमध्ये तर चौघींत एक एवढंही प्रमाण नव्हतं.

आणि जे गुणवत्तेवर पुढे येतात त्यांचंही काय होतं? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. लहानपणी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण, मग सेंट झेवियर्स, मग जेएनयू. २०१६मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३वा क्रमांक आला, रेल्वेची लेखा सेवा मिळाली आणि पूर्ण अंध आहात म्हणून ती नाकारली गेली. पुढच्या परीक्षेत त्या १२४व्या आल्या, आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून मुलांना सांगतो. मला ती सांगताना दरवेळी वाटतं की ७७३व्या क्रमांकावर जी नोकरी कमावली होती तिच्यासाठी पुन्हा साऱ्या देशाशी स्पर्धा करायला लागणं यात आपल्या व्यवस्थेने मिरवावं असं काय आहे?

नोकरीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीची वाट तर कुणाला दिसतच नाही. आधी सिव्हिलला जाऊन टक्केवारी काढायची, ४० टक्के किंवा त्याहून जास्त आली तर पुढचे लाभ. मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. गावाकडून येणाऱ्याला तपासणीचा वार, डॉक्टरांची हजेरी आणि एसटीचं वेळापत्रक यांची मोट बांधावी लागते. २०२४मध्ये बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या गाजल्या, तेव्हापासून खऱ्या प्रमाणपत्राकडेही संशयाने पाहिलं जातं. ज्याचं व्यंग वरून दिसत नाही, अल्पदृष्टीचा किंवा ऐकू कमी येणारा, त्याला तर चारचौघांत स्वतःचं दुखणं सिद्ध करत बसावं लागतं.

एका शनिवारी संस्थेत एक पूर्ण अंध मुलगा भरतीची जाहिरात वाचत होता. त्याचा फोन बोलतो, आणि इतक्या वेगाने बोलतो की मला एक शब्द पकडता येईना, तो मात्र सहज ऐकत होता. बोट एका फाइलवर गेलं आणि फोन गप्प झाला. जाहिरात छापून, सही-शिक्का मारून, तिचा फोटो काढून चढवलेली. आपल्याला ते पान दिसतं, फोनला ते चित्र असतं, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. दुसरी जाहिरात उघडली तर फोन इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ बडबडू लागला. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'पद' दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं खरी मराठीच साठवणाऱ्या पद्धतीने, टंकलं असतं तर एक पैसा जास्त लागला नसता. तिसऱ्या ठिकाणी अर्जाच्या शेवटी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगणारा चौकोन होता, ऐकण्याची सोय नव्हती. ती जागा अंधांसाठी राखीव होती.

परीक्षेला लेखनिक, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि सांगितलेली उत्तरं लिहिणारा माणूस, मिळवणं ही आणखी एक धावपळ. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत अशी अट होती की उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक उमेदवारापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा. म्हणजे उमेदवार पदवीधर असला की माझ्यासारखी बाई उपयोगाची नव्हती, बारावी झालेलं पोर शोधावं लागे. त्याचीही परीक्षा त्याच हंगामात. ताशी वीस मिनिटं जादा मिळतात, पण लेखनिकाला गणितातली चिन्हं नीट वाचता आली नाहीत तर ती वीस मिनिटं तिथेच जातात. उमेदवाराचं वर्षभराचं भवितव्य अशा वेळी एका अनोळखी सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आवाजावर टांगलेलं असतं. पुण्यात हे काम मनापासून करणारी कॉलेजची मुलं आहेत, पहाटे उठून दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर जातात. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आया भेटतात तेव्हा मात्र माझ्याकडची सगळी माहिती अपुरी पडते. एक आई आपल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा कपड्यांच्या घड्या इतक्या एकसारख्या घालत होता की मोजपट्टी लावून पाहावं. ती मला हळूच म्हणाली, "ताई, पगार नको. नुसतं कुठेतरी बसवून घ्या. सकाळी डबा घेऊन निघाला पाहिजे, एवढंच." अठरा वर्षांपर्यंत विशेष शाळा असते, त्यानंतर घराच्या चार भिंती. त्या आईला मुलासाठी सकाळ हवी होती. मी तिला म्हटलं, पगाराशिवाय त्याला कुठेही ठेवू नका, थोडा का होईना, त्याच्या नावच्या खात्यात जमा होऊ द्या. मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे, यश चॅरिटेबल ट्रस्टचा. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं पदार्थ बनवतात, वाढतात आणि पगार घेतात. एकच काम छोट्या पायऱ्यांत तोडून, चित्रांच्या पाट्यांवर मांडून शिकवलं की ते जमतं. वेळ जास्त लागतो, खरं आहे. पण सामान्य म्हणवणाऱ्या किती नव्या माणसांवर आपण महिनेच्या महिने घालवतो, आणि तीही टिकत नाहीत.

महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी १९४९च्या सुमारास कुष्ठरुग्णांसोबत उजाड जमिनीवर काम उभं केलं ते भिकेचा कटोरा सुटावा म्हणूनच. बोटं झडलेल्या हातांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली, हातमाग चालवले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या पडल्या. त्यांना उभारी आली ती बाबूकाका दिवाण यांच्यामुळे. चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःचा उद्योग चालवणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. तिची सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' आहे आणि तिथे काजूप्रक्रियेचा उद्योग आहे. मला त्यात आवडतं ते हे की उद्योगासाठी त्यांनी काजू निवडला. कोकणात काजू आहेच, प्रक्रियेला माणसं हवीच असतात, आणि ते काम बसून करायचं असतं. जिथे जे पिकतं, विकतं, तिथलं काम निवडलं. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. पदकाची गोष्ट आता घरोघरी पोहोचली आहे. त्यांनी पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीही केली, ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, मला ती तेवढीच मोलाची वाटते.

मुंबईत ध्रुव लाकरा यांनी २००९च्या सुमारास 'मिरॅकल कुरियर्स' सुरू केली, कर्णबधिर मुलामुलींना घेऊन. बसमध्ये शेजारी बसलेला एक मुलगा आपला थांबा चुकेल म्हणून कावराबावरा झालेला त्यांनी पाहिला, तो ऐकू न येणारा होता, आणि तिथून हे सुचलं. मुली कार्यालयात पत्रांची विभागणी करतात, मुलं लोकलने, पायी शहरभर पाकिटं पोहोचवतात. कुरियरच्या कामात पत्ता वाचायचा असतो, सही घ्यायची असते. बोलण्याचं काम त्यात फार थोडं. तेही मेसेजवर भागतं.

आणि कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. भोसरी, चाकण, पिंपरीत पॉवर प्रेसखाली बोटं गमावणारे तरुण कामगार काही थोडे नाहीत. सकाळी धडधाकट गेलेला माणूस संध्याकाळी दिव्यांग होऊन घरी येतो. ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, हप्ते भरलेले असले तर तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के भरपाई मिळते, पुढे कायमच्या नुकसानीचं पेन्शन ठरतं. पण कामावर परत आल्यावर त्याला गेटवर बसवतात. पाच वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, कधी बिघडणार हे आवाजावरून कळतं. ते कसब बोटांबरोबर गेलेलं नसतं. त्याला देखरेखीवर, नव्या मुलांना शिकवण्याच्या कामावर घ्या, असं मी भांडून सांगते.

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन होतो. रॅली निघते, फलक असतात, व्यासपीठावर खुर्च्या आणि काठ्यांचं वाटप होतं, फोटो निघतात. त्यातून काही घरांपर्यंत योजना पोहोचतात, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण लोकांची नजर बदलताना मी पाहिली ती आमच्या कँटीनमध्ये. स्टोअरमधला तो मुलगा आमटी जास्त खारट झाली म्हणून कँटीनवाल्याशी हुज्जत घालत होता आणि लोडर पोरं त्याची बाजू घेत होती. त्याच्या कुबडीकडे कुणाचं लक्षही नव्हतं. त्या पोरांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. त्यांचा माल त्याच्या नोंदीशिवाय आत जात नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तुम्ही कुठे नोकरी करत असाल तर उद्या तिथल्या मनुष्यबळ विभागात समान संधीचं धोरण मागून बघा. भरतीची जाहिरात तुमच्या हातून जात असेल तर ती युनिकोडमध्ये टंकून चढवा. शाळा-कॉलेजात असाल तर लेखनिकांच्या यादीत दोन मुलांची नावं मिळवून द्या. दुकान असेल तर तुमच्याकडच्या एका जागेची कामं कागदावर सुटी करून पाहा.

आमच्या संस्थेत सध्या एका मुलीची तयारी चालू आहे. अल्पदृष्टी आहे, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर छान येतं, एका लेखापालाच्या कार्यालयात पुढच्या आठवड्यात मुलाखत. बाकी सगळी उत्तरं पाठ होती, पण अपेक्षित पगार किती असं विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही द्याल तो." मी म्हटलं, असं नाही म्हणायचं, त्या कामाला बाजारात काय मिळतं ते शोधून ये. परवा आली. मी साहेबांच्या थाटात खुर्चीत बसले आणि तोच प्रश्न विचारला. तिने आकडा सांगितला, माझ्या अंदाजापेक्षा दोन हजार जास्तच, आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "हा हातात येणारा की पीएफ कापायच्या आधीचा?"